हलकीं काडतुसें आणि सांबर-भेकरांची शिकार



रत्नागिरीकडील घरांत शिकारीच्या गोष्टी निघाल्या, कीं एक वाद हमखास उपस्थित होतो. भेकर किंवा सांबर पाडावयास लहानांत लहान कोणतें काडतूस पुरेसें होतें? एक पक्ष म्हणतो, नेम साधला म्हणजे बावीसची गोळीहि पुरे. दुसरा पक्ष बारा बोअरच्या खालीं यावयास तयार नसतो. हा वाद आतां पुष्कळसा ऐतिहासिक झाला आहे. परवाना काढून शिकार करण्याची जी वाट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शिल्लक राहिली होती, तीहि १९९१ च्या दुरुस्तीनें बंद झाली. आज सांबर किंवा भेकर मारणें हा गुन्हा आहे. तथापि पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या बंदुका कोंकणांत अद्याप आहेत, आणि 'बावीस पुरे' ही समजूतहि त्यांच्याबरोबर वारशानें चालत आली आहे. ती खरी किती, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

प्रथम आंकड्यांचा घोळ निस्तरूं. काडतुसाला बावीस म्हणतात तें गोळीच्या व्यासावरून. इंचाचे शंभर भाग केले तर त्यांतले बावीस. हा आंकडा गोळीची जाडी सांगतो, जोर सांगत नाहीं. नेहमींच्या 'बावीस लाँग रायफल' काडतुसाची गोळी ४० ग्रेनची असते. एका तोळ्याचे १८० ग्रेन. तेव्हां ही गोळी पाव तोळ्याहूनहि हलकी. नळींतून निघतांना तिचा वेग सेकंदास सुमारें १२०० फूट असतो. आतां, १९३० च्या सुमारास अमेरिकेंत निघालेलें हॉर्नेट नांवाचें काडतूस घ्या. त्याची गोळी जवळजवळ तेवढ्याच जाडीची आणि ४५ ग्रेनची. पण मागें दारू अधिक असल्यामुळें तिचा वेग २७०० फुटांच्या आसपास जातो. एक पौंड वजन एक फूट उचलावयास जो जोर खर्चीं पडतो, त्याला फूट-पौंड म्हणतात. त्या मापानें पहिल्या गोळीचा जोर सुमारें १३० भरतो आणि दुसरीचा ७०० च्या वर. वजनांत फरक नांवाचा आणि जोरांत पांचपट, कारण वेग दुप्पट झाला कीं जोर चौपट होतो.

याच्या वरची पायरी म्हणजे आपल्याकडे सर्वांत परिचित असलेली ईशापूरची .३१५ रायफल. तिची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सव्वा तोळ्याहून जड. वेग अवघा २००० फूट, तरी जोर २१०० फूट-पौंडांच्या पुढें. या मापाची जन्मकथा मौजेची आहे. लष्करांत .३०३ चें काडतूस चालत असे, आणि तें प्रजेच्या हातीं पडूं नये असें ब्रिटिश सरकारचें धोरण होतें. १९०७ साली तर.४५० च्या रायफलींवरहि हिंदुस्थानांत बंदी आली. शिकाऱ्यांना निराळीं मापें शोधावीं लागलीं, आणि ऑस्ट्रियाच्या सैन्यांतील एक जुनें आठ मिलिमीटरचें काडतूस याप्रमाणें आपल्या गांवोगांवीं रूढ झालें! राजकारण्यांच्या भीतीनें शिकाऱ्याचें काडतूस ठरावें, हें त्या काळाला शोभण्यासारखेंच होतें.

बावीसचे कैवारी जिम कॉर्बेटचें नांव पुढें करतात. चंपावतची नरभक्षक वाघीण त्यानें १९०७ साली मारली, त्याबद्दल त्याला .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली, आणि ही रायफल हलकीच होती, असें त्यांचें म्हणणें. तें खरें आहे. पण ती हलकी होती ती हत्ती-गव्यांच्या रायफलींशीं ताडून पाहतां. तिची १४० ग्रेनची गोळी २२०० फूट-पौंडांच्या घरांत जाते, म्हणजे बावीसच्या सोळा-सतरा पट. जुन्या शिकारग्रंथांत 'हलकी रायफल' हे शब्द आले, कीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुष्कळांची फसगत येथेंच झाली आहे.

जनावरांतहि अंतर आहेच. पूर्ण वाढलेला सांबर दोनशे किलोच्या वर भरतो. भेकर वीस-पंचवीस किलोचें. इंग्लंडांत मुंटजॅक नांवाचें एक चिनी हरीण आणून सोडलेलें आहे. तें आपल्या भेकराचें चुलतभावंड, आणि अंगानें त्याहूनहि लहान. तेथें त्याची शिकार करतां येते, पण रायफलीची गोळी निदान ५० ग्रेनची व तिचा जोर १००० फूट-पौंडांचा असला पाहिजे, असा कायदा आहे. मोठ्या हरणांना १७००. म्हणजे बावीसची गोष्टच नको, हॉर्नेटसुद्धां या परीक्षेंत नापास होतें.

'पण आमच्या रानांत जनावर तीस-चाळीस पावलांवरच दिसतें,' असा आक्षेप येईल. तो अर्धा बरोबर आहे. संगमेश्वर-लांज्याच्या करवंदीच्या जाळ्यांत लांब पल्ल्याच्या वेगाचा उपयोग थोडा, तेथें.३१५ सारखी जड आणि संथ गोळीच अधिक कामाची. परंतु जवळून मारल्यानें बावीसची गोळी जड होत नाहीं. सांबराच्या खांद्याच्या हाडावर ती थांबते. पोटांत गेली तर छिद्र इतकें बारीक पडतें, कीं तें मिटून जातें आणि पाचोळ्यावर रक्ताचा थेंबहि पडत नाहीं. जनावर दरी उतरून जातें, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं कोठें तरी ओढ्याकांठीं मरतें, आणि बंदूकवाला घरीं जाऊन नेम चुकला म्हणून सांगतो. जुन्या काळीं असें किती सांबर गेलें असेल, त्याचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं. माझ्या मतें बावीस हें निशाणाच्या पुठ्ठ्यासाठीं आहे. हरणासाठीं तें कधींच नव्हतें.

राहिला बारा बोअरचा पक्ष. वनखात्याच्या रीतसर परवानगीनें शेतांतील रानडुकरावर आज हीच बंदूक बहुधा चालते, म्हणून त्याविषयीं दोन शब्द. एल. जी. च्या काडतुसांतून सहा मोठे छर्रे सुटतात, प्रत्येकीं सुमारें सत्तर ग्रेनचे. तीस पावलांच्या पुढें ते पांगूं लागतात, आणि पन्नास पावलांवर त्यांतला एखादाच अंगाला लागण्याचा संभव. मग गत बावीससारखीच. माळ्यावर बसणारानें तीस पावलांवर दिवसाउजेडीं पांढरी खूण रोवून ठेवावी, आणि जनावर तिच्या अलीकडे आल्यावांचून बार काढूं नये.