नांगर: रानातला आणि पाण्यातला



आपल्याकडे सध्या उन्हाळी नांगरट चालू आहे. इथे बसलेल्या कित्येकांच्या रानात आज ट्रॅक्टर फिरला असेल. मीही याच काळ्या मातीतला. नांगर म्हटले की फाळ, रुमणे, जू आणि उलटलेली ढेकळे, एवढेच मला ठाऊक. बऱ्याच वर्षांपूर्वी मालवणच्या किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या मच्छीमाराला मी विचारले, "काका, तुमची होडी कुठली?" त्यांनी हात केला, "ती बघा, थंय नांगरून ठेवलेली आसा."

होडी, आणि नांगरलेली! आपल्याकडे नांगरलेले रान मोकळे होते, भुसभुशीत होते. तिकडे नांगरलेली होडी जागची हलत नाही. त्या दिवसापासून हा शब्द माझ्या मनात रुतून बसला.

मुळात हे दोन शब्द. रानातला नांगर संस्कृत 'लाङ्गल'चा वंशज. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातल्या शेतीच्या सूक्तात तो आहे. बलरामाचे 'लांगली' हे नाव त्याच्यावरूनच पडले. हा शब्द संस्कृताने इथल्या आर्येतर भाषांतून उचलला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. मला ते पटते. अवजाराचे नाव ते हाताळणाऱ्यांकडूनच येणार.

पाण्यातला नांगर मात्र फारसी 'लंगर'. तो बंदरोबंदरी पसरला. हिंदी-गुजरातीत लंगर, तेलुगूत लंगरु, तमिळमध्ये नंगूरम, बंगालीत नोंगर. बंगालीने शेतातला लांगल आणि नदीतला नोंगर वेगवेगळे ठेवले. मराठी किनाऱ्यावर लंगर उतरला तेव्हा नांगर घरोघरी होताच. पाहुणा घरच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

याला कोणी अपभ्रंश म्हणेल. मी म्हणणार नाही. त्या काकांनी आपला जुना नांगर माझ्या हातात दिला होता. अंग सगळे गंजलेले, पण वाकड्या दातांची टोके वाळूत घासून लख्ख झालेली. आमच्या गोठ्यात भिंतीला टेकवलेल्या फाळाचे टोक असेच चमकायचे. दोघेही भुईत दात रोवतात. हे ज्यांनी रोज पाहिले, त्यांनी दोघांना एक नाव दिले.

समुद्र आपल्या परभणीपासून सुमारे ४०० किलोमीटर दूर. तरी लंगर आपल्यापर्यंत आला, पाणी मागे ठेवून आला. खंडोबाचे वाघे लंगर तोडतात. तो लंगर म्हणजे लोखंडी साखळी. आपला जिल्हा १९४८ पर्यंत ज्या संस्थानात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादला, मोहरममध्ये लंगरची मिरवणूक निघायची. तिची कथा अशी सांगतात: कुतुबशाहीतल्या अब्दुल्ला या राजपुत्राला घेऊन हत्ती उधळला. मुलगा सुखरूप परतला तर हत्तीच्या साखळदंडाच्या वजनाची सोन्याची साखळी वाहीन, असा नवस त्याची आई हयात बक्षी बेगम हिने केला.

आणि तिसरा लंगर आपल्या शेजारी, नांदेडला. फारसीत दर्वेशांच्या मठालाही लंगर म्हणत. वाटसरूला तिथे अन्न मिळे. सूफींच्या खानकाहांतला हा शब्द पंजाबात शिखांच्या पंगतीला मिळाला आणि तिथून हुजूर साहिबला पोचला. नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेसच्या प्रवाशांना वाटेत काही स्थानकांवर लंगर वाढतात. त्यांत आपली परभणी आहे. गाडी थांबते, खिडक्यांतून डबे पुढे येतात, सेवेकरी ते भरून देतात. कुणाचे गाव, कुणाची जात, काही विचारत नाहीत. समुद्रावरचा शब्द इतका आत येऊन आपल्या फलाटावर भुकेल्याच्या डब्यात पडतो, हे मला फार मोलाचे वाटते.

आता एक मागणे. लाकडी नांगर गोठ्यांतून जात आहेत, आणि त्यांच्या भागांची नावेही त्यांच्याबरोबर चालली आहेत. जिंतूरकडे, पाथरीकडे, गंगाखेडकडे तुमच्या घरी रुमण्याला, जुवाला, खुंटीला आजोबा काय म्हणत, ते जाताना मला सांगा. मी वही आणली आहे. दाराशीच बसतो.