हृषीकेश : नाव आणि उच्चार



संध्यावंदनाच्या आरंभी विष्णूची जी चोवीस नावे घेण्याचा प्रघात आहे, त्यांतील केशव, माधव, गोविंद, वामन, श्रीधर, दामोदर, जनार्दन ही मंडळी महाराष्ट्राच्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदली. अधोक्षज मात्र पळीपंचपात्राच्या पलीकडे फारसा आला नाही, आणि दहावे नाव जे हृषीकेश, तेही पुष्कळ काळ त्याच्याच शेजारी बसून होते. एकाच देवाच्या या नावांच्या नशिबात इतका भेद का पडावा?

अर्थ उणा म्हणावा, तर तसेही नाही. हृषीके म्हणजे इंद्रिये, त्यांचा ईश तो हृषीकेश. आणि विष्णुसहस्रनामावरील भाष्यात शंकराचार्यांनी याखेरीज आणखीही एक व्युत्पत्ती दिली आहे, ती अशी की सूर्यचंद्रांचे जगाला हर्षविणारे किरण हेच ज्याचे केस, तो हृषीकेश. गीतेच्या पहिल्याच अध्यायात पांचजन्य फुंकणारा आणि दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ नेऊन उभा करणारा कृष्ण याच नावाने येतो. (तेथेच अर्जुनाला गुडाकेश म्हटले आहे, पण त्या नावाने कोणाचा पाळणा हलल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.)

माझ्या मते खरे कारण जिभेपाशी आहे. जुन्या घरात नाव हे प्रथम हाकेसाठी असे. माजघरातून निघालेली हाक परसापर्यंत पोचली पाहिजे आणि रागाच्या भरातही ती अडखळता कामा नये. दामोदराचा दामू झाला, गोविंदाचा गोंद्या झाला, जनार्दनाचा जनू झाला. हृषीकेशाचे काय करावे? प्रारंभीच हकार आणि त्याला लगडलेला ऋ! मराठी जिभेचे हकाराशी जुने भांडण आहे. चिह्नाचे तिने चिन्ह केले, ब्राह्मणाला ती ब्राम्हण म्हणते, ह्रासाचा तर तिने लेखनातसुद्धा ऱ्हास केला. म्हणजे ह पुढे आला की त्याला मागे ढकलून वाट काढावयाची, ही तिची रीत. परंतु येथे ह च्या पाठीशी व्यंजन नसून स्वर आहे, अदलाबदल करावयास जागाच नाही; तेव्हा तिने ह ला सरळ रजा दिली आणि ‘रुशिकेश’ एवढेच ठेवले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आजोबांची नावे जुनाट वाटू लागली आणि परंपरेतलेच परंतु न झिजलेले असे नाव आईबापांना हवेसे झाले, तेव्हा हृषीकेशाचे दिवस पालटले. पण तो लोकप्रिय झाला तो या हकारहीन रूपात, आणि उच्चाराच्या मागोमाग लेखनही गेले. दप्तरातला कारकून विचारतो, “ऋषीतला ऋ ना?” बाप म्हणतो, “नाही हो, हृदयातला हृ.” कारकून मान डोलावतो आणि हला रकार जोडून ‘ह्र’ लिहितो. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या पटावर दुसरे, अशी एकाच इसमाची दोन नावे होऊन बसतात, आणि पुढे प्रतिज्ञापत्र करून राजपत्रात नाव छापून आणण्याचा खटाटोप त्या पोराच्या कपाळी येतो. गंगाकाठच्या क्षेत्राचे नावही लोकांच्या तोंडी ऋषिकेश असेच रूढ झाल्यामुळे चुकीला तीर्थाचा आधार मिळाला आहे, हे निराळेच.

उत्तरेत गेले की आणखी एक पेच पडतो. आपण ऋ चा उच्चार रु करतो, हिंदी आणि बंगाली माणूस रि करतो. म्हणून ‘आनंद’ चित्रपटाचे दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी यांच्या नावात रोमन लिपीत आय येतो, तर आपल्याकडचा हृषीकेश तेथे बहुधा यू घालतो आणि दिल्लीला गेल्यावर आपले नाव दुरुस्त करून घेतो, किंवा देतो. यांत शुद्ध कोण, असा वाद घालणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की प्राचीन ऋ हा स्वतंत्र स्वर होता. रु आणि रि हे दोघेही त्याच्या गादीवर बसलेले मुखत्यार आहेत, खुद्द मालक केव्हाच निघून गेला. त्यामुळे उच्चाराच्या बाबतीत मी कोणाला टोकणार नाही. आईने ‘ऋषी’ म्हणून हाक मारावी, मित्रांनी ‘रुशा’ म्हणावे. लेखनात मात्र ह गाळू नये, कारण तो गाळला की इंद्रियांचा स्वामी जातो आणि हाती उरतात ते कोणा ऋषीचे केस.