मुक्ताबाईचा निबंध

शाळेत लिहिलेल्या निबंधाचे आयुष्य फार थोडे असते. शिक्षकाने तांबड्या शाईने शेरा मारला, घरी आईबापांनी कौतुकाने एकदा वाचून घेतला, की ती वही रद्दीच्या वाटेला लागते. परंतु पुण्याच्या एका शाळकरी मुलीने लिहिलेला एक निबंध याला अपवाद ठरला आहे. ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हे त्याचे नाव. ‘ज्ञानोदय’ या मिशनरी नियतकालिकाच्या 15 फेब्रुवारी व 1 मार्च 1855 च्या अंकांत तो दोन भागांत छापला गेला. लेखिका मुक्ताबाई ही मांग समाजातील, सुमारे चौदा वर्षांची, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी होती. शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे.

हा निबंध कोणत्या काळात लिहिला गेला, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. जोतीरावांनी 1848 साली बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. त्यानंतर चार वर्षांच्या आत अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही त्यांनी शाळा काढल्या. या उद्योगाचा परिणाम त्यांच्या स्वतःच्या घरावर झाला. लोकांच्या दडपणापुढे त्यांचे वडील गोविंदराव वाकले आणि 1849 साली मुलाला व सुनेला घर सोडावे लागले. गोविंदराव दुष्ट नव्हते. आपल्या मुलाच्या हातून काय घडत आहे हे ओळखण्याइतके धैर्य त्या घडीला त्यांच्यापाशी नव्हते, इतकेच. अशा वेळी ज्या आईबापांनी आपली मुलगी शाळेत धाडली, त्यांच्या धैर्याचे मोल कसे करावे? वस्तादांची तालीम चालविणारे लहुजी साळवे यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांनी लोकांची समजूत घातली, हे खरे. पण पोरीला पाटी देऊन दाराबाहेर पाठविणे हे शेवटी घरच्यांनाच करावे लागते.

निबंधाची रचना एखाद्या उत्तम अर्जासारखी आहे. आधी हक्काचा प्रश्न, मग पुरावा, मग सद्यःस्थिती आणि शेवटी उपाय. आरंभीच मुक्ताबाई धर्माच्या मुळाला हात घालते. वेद हे केवळ ब्राह्मणांचे, इतरांनी ते पाहूही नयेत, असे जर असेल, तर आमच्यापाशी धर्मपुस्तकच नाही. आणि धर्मपुस्तक नाही तर आम्ही धर्मरहित ठरलो. मग आमचा धर्म कोणता, ते देवानेच सांगावे, असा तिचा युक्तिवाद आहे. प्रतिपक्षाचेच विधान मान्य करायचे आणि त्यातूनच त्याला अडचणीत आणायचे, ही रीत न्यायालयात मुरलेल्या वकिलालाही सहज साधत नाही.

पुढे ती पेशवाईतील हकिकती सांगते. तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांगामहाराचे मस्तक उडवून त्याचा चेंडू केला जाई, इमारतींच्या पायांत माणसे पुरली जात, कोणी वाचावयास शिकला तर त्याची गय नसे, असे ती लिहिते. लंगड्या गाढवाला मारले तरी त्याचा धनी तक्रार करतो, पण मांगामहारांना मारणाऱ्याला कोणी हटकत नसे, ही तिची तुलना एकदा वाचली की विसरता येत नाही.

येथेच या निबंधाचे मर्म आहे. पेशवाई 1818 साली संपली. मुक्ताबाईचा जन्म त्यानंतर वीसबावीस वर्षांनी झाला असला पाहिजे. म्हणजे बाजीरावाच्या अमलातील जे काही तिने लिहिले, ते तिने डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. ते वडीलधाऱ्यांच्या तोंडून, रात्रीच्या बोलण्यातून, वस्तीतील म्हाताऱ्यांच्या आठवणींतून तिच्या कानी आलेले असणार. ज्यांना अक्षर येत नव्हते, ज्यांची साक्ष कोणत्याही दप्तरात नोंदली गेली नव्हती, त्यांचे बोलणे या मुलीच्या हाताने प्रथम कागदावर उतरले. तेव्हा या निबंधाचे श्रेय वाटायचेच झाले तर युक्तिवादाची धार शाळेने दिली आणि दुःखाचा आशय घराने दिला, असे म्हणावे लागेल. आईबापांना अभिमान वाटावा असे याहून अधिक काय असू शकते?

लहान मुलाने समाजाविषयी काही कडक लिहिले, की मोठी माणसे एक शंका हमखास काढतात: हे याचे स्वतःचे नव्हे, कोणी तरी पढवून ठेवलेले दिसते. मुक्ताबाईच्या बाबतीतही ही शंका काढता येईल. गुरूंच्या विचारांची छाया निबंधावर आहेच. जोतीरावांनी आपले ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले तेही 1855 सालीच. परंतु बाळंत होणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीपावसात तिचे हाल होतात, हे जे तिने लिहिले आहे, ते कोणत्याही शिक्षकाला पढविता आले नसते. शिवाय पढविणे आणि शिकविणे यांत एक भेद आहे. पढविलेला मुलगा दिलेले उत्तर म्हणून दाखवितो. शिकलेला मुलगा आपल्या घरच्या अनुभवाला प्रश्नाचे रूप देतो. मुक्ताबाईचा निबंध दुसऱ्या प्रकारचा आहे.

निबंधात इंग्रज सरकारविषयी कृतज्ञता आहे, ती आजच्या वाचकाला खटकण्याचा संभव आहे. पण चौदा वर्षांच्या मुलीने आपल्या वस्तीतून जे दिसले ते मोजले. पूर्वीचा छळ थांबला होता, बाजारात मोकळेपणाने जाता येत होते आणि शाळेचे दार उघडले होते. या राज्यकर्त्यांच्या न्यायबुद्धीची मर्यादाही लवकरच दिसून आली. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाचा अर्ज मुंबई सरकारने मान्य केला नाही. सरकारच्या पैशाने चालणाऱ्या शाळेतही त्या मुलाला जागा मिळाली नाही. निबंध छापून आल्यानंतर जेमतेम सव्वा वर्षाचीच ही गोष्ट.

म्हणूनच मुक्ताबाईने शेवटी सांगितलेला उपाय महत्त्वाचा वाटतो. ती आपल्याच लोकांकडे वळते. तुम्ही रोगी आहात, ज्ञान हे तुमचे औषध आहे, ते घ्या आणि शहाणे व्हा, अशा आशयाचे आवाहन करून ती थांबते. इतरांवर ठपका ठेवून तिने लेखणी खाली ठेविली नाही. तक्रार करणारे पुष्कळ असतात. तक्रारीनंतर स्वतःचे कर्तव्य सांगणारे थोडे. त्या थोड्यांत ही मुलगी बसते.

नंतरचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. 1882 साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली. 1927 साली डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. आणि 1 एप्रिल 2010 पासून सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला. ज्या वयात मुक्ताबाईने आपला निबंध लिहिला, नेमक्या त्याच वयापर्यंतची हमी आज या देशातील कायदा देतो. मूळ मराठीतील तिचे लेखन 1991 साली भारतीय लेखिकांच्या एका इंग्रजी संग्रहातही समाविष्ट झाले आणि महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचले.

आजही घरोघर मुले निबंध लिहितात. कोणी पाणी भरणाऱ्या बायकांविषयी लिहितो, कोणी गटारे उपसणाऱ्या माणसांविषयी, तर कोणी आपल्याच वर्गात मागच्या बाकावर वेगळ्या बसणाऱ्या मुलाविषयी. आईबापांना कौतुक वाटते. वही पाहुण्यांना दाखविली जाते. त्यात गैर काही नाही. परंतु अक्षर सुंदर आहे, बक्षीस मिळाले आहे, एवढ्यावर तो अभिमान थांबला, तर तो त्या मुलाचा गौरव नव्हे. मुलाने जे विचारले आहे त्याचे उत्तर कोणी द्यावयाचे? पुष्कळदा तो प्रश्न घरातील मोठ्या माणसांनाच उद्देशून असतो. वही मिटून ठेवण्याआधी तो एकदा शांतपणे ऐकून घेणे आणि आपल्याकडून त्याचे जे उत्तर देता येईल ते आपल्या वागण्यातून देणे, हीच त्या अभिमानाची खरी कसोटी होय. मुक्ताबाईच्या प्रश्नांची उत्तरे द्यावयाला या समाजाला फार वर्षे लागली. आणि त्यांतील काही उत्तरे अद्यापि द्यावयाची राहिलीच आहेत.