टेबल, चेंडू आणि राष्ट्रांची धाटणी

प्रत्येक राष्ट्राची खेळण्याची एक धाटणी असते, असे म्हणतात. ती रक्तातून येते की सवयीतून?

स्नूकर १८७५ साली जबलपुरास इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांत जन्मले. पुढे इंग्लंडने ते आपलेसे केले. दूरचा चेंडू अचूक खिशात धाडणे, हे तेथील खेळाडूंचे बळ. उलट इंग्लंडातून आलेले तीन चेंडूंचे बिलियर्ड्स तिकडे मागे पडले, भारतात टिकले. हलका हात व धीर हे त्याचे मर्म. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास हौशी खेळाडूंचे जगज्जेतेपद मिळविले व १९६४ साली पुन्हा. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ व १९८३ साली. फिलिपाइन्समध्ये क्रमांकानुसार चेंडू घेण्याचा खेळ लोकप्रिय. नऊ चेंडूंच्या पूलमध्येही तीच रीत. त्यात तेथील एफ्रेन रेयेस १९९९ साली कार्डिफ येथे जगज्जेता ठरला.

तात्पर्य, समाज जो खेळ जपतो, त्याची धाटणी त्याच्या अंगी मुरते. कॅरमचा पाट घरोघरी मावतो. बिलियर्ड्सचे बारा फुटी टेबल सोलापूरच्या नवी पेठेतील कोणत्या घरात मावेल? ज्या मुलास टेबलापाशी उभेच राहता येत नाही, त्याच्या रक्ताला दोष देणे न्याय्य नव्हे.