आईची रिकामी जागा



आज ज्या बोलपटाविषयी मी चार शब्द बोलणार आहे, तो चीनमधून अमेरिकेत गेलेल्या आयांचा आणि तेथे जन्मलेल्या त्यांच्या मुलींचा आहे. कऱ्हाडलगतच्या मलकापुरात राहणाऱ्या माझ्यासारख्या बाईचा त्याच्याशी काय संबंध, अशी शंका आपल्या मनात येईल. माझी मुलगी कित्येक वर्षे अमेरिकेत आहे आणि तिची मुलगी तेथलीच. गेल्या उन्हाळ्यात ही नात महिनाभर माझ्याकडे होती. तिनेच हा बोलपट मला आपल्या संगणकावर दाखविला. मध्ये थांबवून ती मला अर्थ सांगे. सांगता सांगता तिचे मराठी संपे, आणि माझे इंग्रजी तर सुरूच होत नसे!

'द जॉय लक क्लब' हे त्याचे नाव. एमी टॅन यांची याच नावाची कादंबरी १९८९ साली निघाली आणि १९९३ साली वेन वाँग यांनी तिचा बोलपट केला. सॅन फ्रान्सिस्कोत चार चिनी मैत्रिणी माजाँग नावाचा सोंगट्यांचा खेळ खेळण्यास जमत असतात. त्यांतली सूयुआन मरण पावते, आणि पटाच्या एका बाजूस तिच्या रिकाम्या जागी तिची मुलगी जून येऊन बसते. आईविषयी आपल्याला किती थोडे ठाऊक आहे, हे तिला तेथे बसल्यावर कळू लागते. जपानी सैन्यापुढून पळताना सूयुआनने आपल्या तान्ह्या जुळ्या मुली रस्त्याच्या कडेला ठेवल्या होत्या. आपण आता वाचत नाही, आणि मेलेल्या आईजवळची मुले कोणी उचलणार नाही, असे तिला वाटले; पण ती वाचली आणि मुली दुरावल्या. ही कथा केवळ कल्पनेची नव्हे. एमी टॅन यांच्या आईच्याही तीन मुली चीनमध्ये मागे राहिल्या होत्या, आणि १९८७ साली लेखिका आईसमवेत त्यांना भेटून आली.

दुसरी आई लिंडो. लहानपणीच ठरविलेल्या लग्नातून ती युक्तीने सुटते. ते पाहताना मला आपल्या रखमाबाई आठवल्या. बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे त्यांनी मुंबईच्या न्यायालयात स्पष्ट नाकारले आणि पुढे विलायतेत जाऊन त्या डॉक्टर झाल्या. लिंडोची हकिगत आपल्याकडील कित्येक घरांत पणजीची हकिगत म्हणून खपून जाईल. पुरुषांना मात्र या बोलपटात फारसा न्याय मिळालेला नाही. बहुतेक सारे निष्ठुर किंवा निस्तेज! ती त्याची उणीवच म्हटली पाहिजे.

माझ्या मनात घर करून राहिला तो प्रसंग अगदी लहान आहे. मेजवानीत खेकडे वाढले जातात. ज्याला त्याला उत्तम खेकडा हवा असतो. जून मात्र सर्वांत वाईट तो उचलते. मागाहून स्वयंपाकघरात ती आईपाशी तक्रार करते, की तुझ्या अपेक्षा मी पुऱ्या केल्या नाहीत. तेव्हा आई तिला खेकड्याची आठवण देऊन सांगते, की तुझे मन सर्वांहून चांगले आहे आणि ते मी पाहिले आहे. इतकी वर्षे आईने पाहिले होते. बोलली मात्र नव्हती.

आपल्याकडे हे बोलणे जात्यावर होत असे. एका खुंट्याला दोघींचे हात आणि समोर तोंडे. आईला जे नुसते बोलून सांगता येत नसे ते ओवीत येई, आणि लेक ते ऐकत मोठी होई. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. जाते गेले, गिरणी आली, हे फार चांगले झाले. ज्यांनी पहाटे दळले नाही त्यांनीच जात्यासाठी अश्रू ढाळावे. परंतु त्याबरोबर दोघींनी समोरासमोर बसण्याची जागाही गेली.

आमच्या मुली चिनी आयांसारख्या लढाईतून पळून गेल्या नाहीत. १८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार लावले, ते १९४३ साली उघडले तेही वर्षाला १०५ माणसांपुरते. हिंदी लोकांच्या वाट्याला १९४६ साली शंभर जागा आल्या. १९६५ च्या कायद्यानंतर मात्र आपल्याकडील डॉक्टर, इंजिनियर आणि त्यांच्या बायका सुखाने विमानात बसून गेल्या. तेथे त्यांनी मंडळे काढली, १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापिले, मुलांसाठी रविवारच्या मराठी शाळा चालविल्या. माझी नातही अशाच शाळेत शिकली. येथे आल्यावर ती म्हणे, "आजी, मी जातो." तिची आई लाजून फोनवरून दुरुस्त करी, "जातो नाही, जाते!" मी म्हटले, अगं, राहू दे. कोल्हापूर-सांगलीकडच्या मुली असेच बोलतात. पोर मुलखाला धरून बोलते आहे!

बोलपटाच्या शेवटी जून चीनला जाते. बहिणींना वाटत असते, आई जिवंत आहे. ती गेली, हे सांगण्याचे काम जूनवर येते. तो प्रसंग संपला तेव्हा माझी नात रडत होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "आजी, माझी आई लहान असताना रडायची?"

मला उत्तर सुचेना. मुलगी डॉक्टर व्हावी म्हणून मी तिला पहाटे चारला उठवीत असे. तिच्या शिक्षणासाठी पाटल्या मोडल्या, ते तिला कधी सांगितले नाही. ती रडत असे की नाही, हे मी कधी पाहिले नाही. नातीला मी तसेच सांगितले. तिला कितपत कळले, देव जाणे. तिने ते रात्री फोनवरून आपल्या आईला सांगितले असावे.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. नेहमी ती प्रथम माझ्या रक्तदाबाची चौकशी करते. त्या दिवशी म्हणाली, "आई, पाटल्या कोणत्या गं? त्या तोड्यांबरोबरच्या?"

मी म्हटले, "हो, त्याच." आणि मग आम्ही पुष्कळ वेळ बोलत बसलो.