यजमानपदाचे देयक

विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धेचे यजमानपद राज्यकर्त्यांना प्रतिष्ठेचे वाटते. देयक मात्र जनतेच्या नावे निघते. २०१९ ची स्पर्धा ब्राझीलियाला मिळाली होती. तिजोरीत खडखडाट होताच त्या शहराने अंग काढून घेतले. त्याच देशातील साओ पावलोनेही १९८९ ची स्पर्धा सोडून दिली होती. तेव्हा पश्चिम जर्मनीतील डुइसबुर्गने अवघ्या चार खेळांवर ती निभावून नेली.

ब्राझीलियाची जागा इटलीतील नेपल्सने घेतली. तेथे नवे इमले उठवण्याऐवजी मुख्यतः जुनी क्रीडांगणेच दुरुस्त झाली. अनेक खेळाडूंचा मुक्काम तर बंदरात नांगरलेल्या प्रवासी जहाजांवर होता. यात नामुष्की कसली? शहरातील पोरांना खेळायला पुढे कोणते मैदान उरते, हा हिशेब उद्घाटनाच्या आतषबाजीआधी मांडला गेला पाहिजे. तो मांडतो कोण? ओडिशातील विणकर कुटुंबातली द्युती चंद याच नेपल्समध्ये १०० मीटर धावली आणि ११.३२ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेली. त्यासाठी नवे स्टेडियम बांधावे लागले नव्हते.