पोटगीचा हुकूम आणि मुलाचे ताट
(मालेगाव, जि. वाशीम येथील पंचायत सदस्य व शिक्षकांपुढील भाषण)



बापाने घर सोडले म्हणून मुलाची भूक थांबत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ याच जाणिवेतून आले. औरस असो वा अनौरस, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अज्ञान मुलास त्यान्वये पोटगी मिळे. मात्र तिला दरमहा ५०० रुपयांची मर्यादा होती. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ती १,५०० रुपये केली. २००१ च्या केंद्रीय दुरुस्तीने मर्यादाच काढून टाकली आणि अंतरिम पोटगीची सोय केली. तो अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली निघावा, असा दंडक घातला. १ जुलै २०२४ पासून या तरतुदी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहेत.

रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आणखी दोन वाटा मोकळ्या केल्या. उभय पक्षांनी मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. त्यामुळे तारखा लांबवून बापाचा फायदा होऊ नये, हा हेतू आहे.

पती पुण्या-मुंबईकडे कामास गेला असला, तरी मालेगाव तालुक्यात माहेरी राहणाऱ्या पत्नीस तेथे हेलपाटे घालण्याचे कारण नाही. ती राहते तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

खरी अडचण वसुलीची आहे. थकलेल्या रकमेसाठी वॉरंट मिळवायचे, तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. वॉरंट बजावूनही रक्कम थकली, तर प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण “आज देईल, उद्या देईल” या आशेवर वर्ष उलटले, की हा मार्ग बंद होतो आणि हातात केवळ हुकूमाचा कागद उरतो.

दरम्यान ताट रिकामे राहू नये, म्हणून शासनाच्या योजना आहेत. पोटगी न मिळणाऱ्या वा अपुरी मिळणाऱ्या घटस्फोटित महिलेस संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. एकपालक बालकांना बालसंगोपन योजनेतून २०२३ पासून दरमहा २,२५० रुपयांचे साहाय्य ठरले आहे. त्यास बाल कल्याण समितीचा आदेश लागतो.

शाळेच्या हजेरीत अशी मुले शिक्षकांना प्रथम दिसतात, ग्रामपंचायतीस त्यांचे घर ठाऊक असते. हुकूमाची तारीख आणि शेवटचा हप्ता केव्हा मिळाला, एवढे दोन प्रश्न मातेला वेळीच विचारले, तरी अनेक मुलांचा हक्क बुडण्यापासून वाचेल.